प्रावीण्य पदक आणि मार्गदर्शिका : आधी वाचन की आधी काम?

श्रीरामपूर तालुक्यात उसाच्या मळ्यांना लागून असलेल्या एका मोकळ्या रानात, गेल्या थंडीच्या दिवसांत, एका माध्यमिक शाळेच्या स्काउट पथकाचे दोन दिवसांचे शिबिर भरले होते. शासकीय कामाच्या निमित्ताने त्या भागात जाणे झाले आणि पथकनायक शिक्षकांच्या आग्रहावरून सायंकाळपर्यंत तेथे थांबलो. तंबूंची रांग, दोरीच्या गाठींनी उभारलेले बांबूचे प्रवेशद्वार, तीन दगडांच्या चुलीवर रटरटणारे पिठले असे शिबिराचे नेहमीचे दृश्य होते. निरोप घेण्याच्या सुमारास शिक्षकांनी एक शंका पुढे केली. "साहेब, प्रावीण्य पदकाच्या कामाला लागण्यापूर्वी मुलांनी मार्गदर्शिका वाचावी की वाचू नये? वाचली तर पोरे उत्तरे पाठ करतात, नाही वाचली तर भलतेच काही करून बसतात. आमच्याकडे दोन्ही प्रकार आजच घडले."

घडले होते ते असे. शेतीविषयक पदकाच्या तयारीसाठी दोन संघांना जवळच्या एका शेतकऱ्याच्या जमिनीतून परीक्षणासाठी मातीचा नमुना काढून आणण्याचे काम देण्यात आले होते. पहिल्या संघाने पुस्तिका उघडलीच नव्हती. माती ती माती, तिच्यात वाचायचे काय, असा त्यांचा रोकडा विचार. बांधालगत शेणखताचा ढीग होता, तेथील जमीन भुसभुशीत होती, कुदळ सहज चालत होती. त्यांनी तेथेच एक खड्डा केला आणि युरियाच्या रिकाम्या गोणीवर माती पसरून ती ऐटीत आणून ठेवली. दुसऱ्या संघाने मात्र पुस्तिकेतील कृती अक्षरशः पाळली होती. शेतात नागमोडी चालत त्यांनी दहा ठिकाणे निवडली, प्रत्येक ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घेतला, खड्ड्याच्या भिंतीवरून वरपासून खालपर्यंत दोन बोटे जाडीचा थर खरवडला, सारी माती स्वच्छ कापडावर मिसळली, तिचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन भाग काढून टाकले आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत हीच कृती पुन्हा पुन्हा केली. शिक्षक प्रसन्न झाले होते.

तोच पहिल्या संघातील एक मुलगा पुढे झाला. त्याचे आईवडील त्याच परिसरात शेतमजुरी करतात. वाचनात तो मागे आहे. धडा वाचताना ओळीखाली बोट धरतो आणि तरीही अडखळतो, म्हणून वर्गात सहसा बोलत नाही. तो म्हणाला, "सर, यांनी खालच्या अंगाची पांढरी माती पण त्यातच मिसळली. ती जागा वेगळी आहे. पावसाळ्यात तिथं हातभर खणलं की पाणी लागतं. ऊससुद्धा तिथं गुडघ्याच्या वर जात नाही."

त्याचे म्हणणे खरे होते. शिवाय, जमिनीचा जो तुकडा दिसायला किंवा पिकाला वेगळा असेल त्याचा नमुना स्वतंत्र काढावा, हे वाक्य पुस्तिकेतही होते. मात्र ते क्रमवार कृतीच्या खाली, परिच्छेदाच्या शेवटी होते. कृती पाठ करणाऱ्यांची नजर तेथवर पोहोचली नव्हती. एवढ्यावरही भागले नव्हते. दुसऱ्या संघाने पुढचे पान वाचून 'बिघडलेल्या जमिनीला जिप्सम घालावे' असा सल्लाही शेतमालक आबांना देऊन टाकला होता आणि आबा जिप्समच्या गोण्यांचा भाव विचारण्याच्या बेतात होते.

म्हणजे एका संघाने न वाचता चूक केली आणि दुसऱ्याने अर्धवट वाचून केली. दोन्ही नमुने प्रयोगशाळेत गेले असते तर? खताच्या ढिगालगतची माती जमीन सकस असल्याचा निर्वाळा देऊन बसली असती, आणि त्या भरवशावर आबांनी खताची मात्रा कमी केली असती तर हंगाम हातचा गेला असता. दुसऱ्या नमुन्याने चांगली आणि वाईट जमीन एकत्र कालवून अशी सरासरी दिली असती की जी शेताच्या कोणत्याच भागाला लागू पडली नसती. सराव मुलांचा होता, पण जमीन आबांची होती. प्रावीण्य पदकाच्या कामात हा भाग नेहमी असतो आणि नेमका तोच विसरला जातो. म्हणून शिक्षकांच्या शंकेचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे वाटते.

पुस्तकातून जन्मलेली चळवळ

स्काउट चळवळ रानात आणि मैदानावर वाढली असली तरी तिचा जन्म एका पुस्तकाच्या पोटी झाला आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागेल. बेडन-पॉवेल या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने सैनिकांसाठी टेहळणीविषयी लिहिलेली एक लहानशी पुस्तिका १८९९ मध्ये प्रसिद्ध झाली. दक्षिण आफ्रिकेतील युद्धानंतर ते मायदेशी परतले तेव्हा त्यांच्या असे लक्षात आले की, आपली ही लष्करी पुस्तिका इंग्लंडातील शाळकरी मुले आणि त्यांचे शिक्षक आवडीने वापरीत आहेत. तेव्हा मुलांसाठीच काही लिहावे असा विचार त्यांच्या मनात आला. पण लिहिण्यापूर्वी त्यांनी काय केले? ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन शिबिर भरविले आणि आपल्या कल्पना तेथे करून पाहिल्या. त्यानंतर जानेवारी १९०८ पासून 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने सहा भागांत बाहेर पडले. एका भागाची किंमत चार पेन्स होती. खाऊच्या पैशांतून तो विकत घेऊन मुलांनी आपापसांत वाचला आणि वडीलधाऱ्यांची वाट न पाहता गल्लोगल्ली आपले संघ उभे केले. संघटना त्यामागून आली.

या इतिहासात वाचन आणि काम यांचा असा गोफ विणलेला आहे की, त्यांतील कोणता पदर आधीचा हे सांगणे कठीण आहे. पुस्तक शिबिरातून निघाले आणि संघ पुस्तकातून निघाले. शिवाय त्या पुस्तकाची प्रकरणे 'शेकोटीजवळच्या गोष्टी' या स्वरूपाची होती, म्हणजे एकाने वाचून दाखवावे आणि इतरांनी ऐकावे अशी त्यांची बांधणी होती. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

आपल्या देशात १९०९ मध्ये बंगलोर येथे पहिले पथक निघाले, पण आरंभी या चळवळीची दारे भारतीय मुलांना बंद होती. श्रीमती अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासमध्ये आणि पंडित मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी आदींनी उत्तर भारतात भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. जुन्या मध्य प्रांतात ही चळवळ रुजविण्यासाठी नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी परिश्रम घेतले. हेच बोस पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही संस्था अस्तित्वात आली. प्रवेशापासून प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान अशा पायऱ्या चढत राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जाण्याची वाट या संस्थेने आखून दिलेली आहे. या वाटेवर स्काउट मुलांनी आणि गाइड मुलींनी आपल्या आवडीची प्रावीण्य पदके मिळवावयाची असतात.

'तयार राहा' या स्काउटच्या ब्रीदाचा अर्थ लावतानाही बेडन-पॉवेल यांनी मनाच्या तयारीचा उल्लेख शरीराच्या तयारीबरोबरच केला होता. कोणता प्रसंग ओढवू शकेल आणि त्या वेळी आपण काय करावे, याचा विचार आधी करून ठेवणे ही मनाची तयारी होय. हा विचार करण्याचे साधन म्हणून पुस्तक हवेच. मात्र पदकाची पात्रता ठरविताना मुलाने गाठलेल्या कौशल्याच्या उंचीपेक्षा त्याने केलेल्या प्रयत्नाला महत्त्व द्यावे, असा त्यांचा आग्रह होता, हेही परीक्षकांनी विसरू नये.

मार्गदर्शिकेत काय असते

मुलांच्या हाती असलेल्या मार्गदर्शिका चाळल्या असता त्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच बाइंडिंगमध्ये बांधलेल्या आढळतात. पहिली गोष्ट म्हणजे पदकाचे निकष, दुसरी त्या विषयाची माहिती आणि तिसरी नमुन्यादाखल दिलेल्या नोंदी वा उत्तरे. शिक्षकांची शंका बऱ्याच अंशी या तिहींची गल्लत झाल्यामुळे उत्पन्न झाली आहे, असे आम्हांस वाटते.

निकष आधी वाचले पाहिजेत, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. ते वाचतानाही क्रियापदावर बोट ठेवून वाचावे. 'सांगा' म्हटले असेल तेथे सांगणे पुरते. 'करून दाखवा' म्हटले असेल तेथे कितीही सुरेख वर्णन केले तरी ते निरुपयोगी ठरते, आणि 'गोळा करा' म्हटले असता चित्रे चिकटवून चालत नाही. अमेरिकेत १९१० मध्ये स्थापन झालेल्या आणि २०२५ पासून 'स्काउटिंग अमेरिका' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत अशी शंभराहून अधिक पदके आहेत आणि प्रत्येक पदकासाठी वेगळी पुस्तिका आहे. निकषात जे लिहिले असेल तेच मुलाने करावयाचे, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही, असा तेथे कटाक्ष असतो. परीक्षकाला आपल्या मर्जीप्रमाणे एखादी अट वाढविता येत नाही किंवा सोडूनही देता येत नाही. आपल्याकडील काही परीक्षक उत्साहाच्या भरात भलत्याच प्रश्नांची सरबत्ती करतात आणि काही जण वहीचा जाडपणा पाहून सही करतात. दोघांनीही निकष मुलांइतक्याच काळजीने वाचावेत, अशी सूचना येथे करावीशी वाटते.

तिसरी गोष्ट नमुना नोंदींची. या नोंदी काम पुरे होईपर्यंत मुलांच्या दृष्टीस पडू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. परिसराची ओळख हा ज्याचा विषय आहे त्या पथदर्शकाच्या पदकाचे उदाहरण घ्या. इस्पितळ, पोलीस ठाणे, अग्निशामक केंद्र, बसस्थानक कोठे आहे आणि तेथे कोणत्या वाटेने लवकर पोहोचता येते, ही माहिती मुलाला असावी एवढीच अपेक्षा असते. श्रीरामपूरचा नकाशा कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही. उलट येथे कागदावर विसंबणाऱ्याची फसगत होण्याचा संभव अधिक. दौंड-मनमाड मार्गावरील या गावच्या रेल्वे स्थानकाची जुनी नोंद बेलापूर या नावाने आहे, आणि प्रत्यक्ष बेलापूर हे गाव मात्र काही किलोमीटरवर प्रवरेच्या काठी आहे. नवी मुंबईत आणखी एक बेलापूर आहे, ते निराळेच. परक्या प्रवाशाला वाट सांगताना हा उलगडा करून देता आला तर तो मुलगा खरा पथदर्शक. आम्ही पाहिलेल्या एका वहीत मात्र गावाच्या मध्यावरून मोठी नदी वाहत होती आणि तिच्यावर पूलही होता. नमुन्याच्या पुस्तकात नदी होती म्हणून ती वहीत उतरली, एवढाच त्याचा अर्थ. हे प्रावीण्य नव्हे, शुद्धलेखन होय.

उरली ती मधली गोष्ट, विषयाची माहिती. खरा प्रश्न तिच्यासंबंधी आहे आणि त्याचे उत्तर सर्व पदकांना सारखे लागू पडत नाही. चुकीची किंमत कोण देणार, हे पाहून ते ठरवावे लागते. स्वयंपाकाच्या पदकात भात करपला तर करणाऱ्यालाच तो खावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी तो शहाणा होतो. बागकामातही बी खोल पेरले गेले तर ते उगवत नाही, इतकेच. निसर्गनिरीक्षणात तर आधी पाहावे आणि मग पुस्तक उघडावे, हेच इष्ट. नाव आधी कळले की मुले पक्ष्याकडे पाहणे सोडून यादीवर खूण करू लागतात. पोहायला पाण्यात पडल्याशिवाय येत नाही ही म्हण अशा ठिकाणी खरी आहे. जेथे चुकीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते तेथे मात्र ती लागू पडत नाही.

जेथे वाचन आधीच हवे

या भागातील शेती कालव्यांच्या पाण्यावर उभी आहे. अकोले तालुक्यातील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या कोरड्या मुलखाचे रूप पालटले. ऊस आला, कारखाने आले. लोणीचा प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखाना तर साऱ्या देशाला माहीत आहे. ऊस आला म्हणजे पाचट आले, पाचटात उंदीर आले आणि उंदरांमागून साप आले. पहाटे पाणी धरायला जाणारा शेतकरी, कोयता घेऊन सरीत वाकलेला ऊसतोड मजूर, पाचटाजवळ पथारी टाकून झोपलेली त्याची मुले, यांना सर्पदंशाचा धोका इतरांहून अधिक असतो. येथील स्काउटला प्रथमोपचाराचे पदक मिळते तेव्हा गावकरी त्याच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवतात की प्रसंग आला तर या मुलाला काही तरी ठाऊक असेल.

येथे एक स्वतःची आठवण सांगावीशी वाटते. शाळकरी वयात आमच्या हाती जी प्रथमोपचाराची पुस्तिका होती तीत सर्पदंशावर तीन उपाय दिले होते. दंशाच्या वरच्या बाजूस दोरी घट्ट आवळावी, पात्याने चीर द्यावी आणि रक्त वाहू द्यावे. आम्ही ते मुखोद्गत केले होते. सराव म्हणून मी एका मित्राच्या पायाला दोरी अशी काही आवळली की त्याचे पाऊल निळे पडले आणि गाठ सुटेना. अखेर दोरी कापावी लागली. तरीही परीक्षेत आम्हां दोघांना पूर्ण गुण मिळाले. जे पाठ केले होते ते घातक होते, हे कित्येक वर्षांनी एका ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांशी बोलताना कळले.

आजचे वैद्यकशास्त्र या तिन्ही उपायांना ठाम नकार देते, आणि त्याची कारणे मुलांना समजावून सांगितली पाहिजेत. आपल्याकडे मनुष्यहानीला प्रामुख्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप कारणीभूत होतात. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. अशा माणसाला चीर दिली तर रक्तस्राव थांबत नाही. दोरी आवळल्याने अवयवाचा रक्तपुरवठा तुटून तो कायमचा निकामी होऊ शकतो आणि दोरी एकदम सोडली तर साठलेले विष झपाट्याने शरीरात पसरते. तोंडाने विष ओढून घेता येत नाही. मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते. तिच्या दंशाची खूणही दिसत नाही, वेदनाही विशेष होत नाहीत, आणि म्हणून 'काही झाले नाही' असे समजून सकाळपर्यंत थांबणे जिवावर बेतते.

करावयाचे ते साधे आहे. रुग्णाला धीर द्यावा, त्याला चालू देऊ नये. अंगठी, कडे, घड्याळ, घट्ट कपडे काढावेत. मोडलेल्या हाडाला बांधतात त्याप्रमाणे दंशाचा हात किंवा पाय फळीच्या आधाराने सैलसर बांधून स्थिर ठेवावा. उलटी होत असल्यास कुशीवर वळवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी अथवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविषाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. सापाला पकडण्यात किंवा मारण्यात वेळ दवडू नये. मुंबईच्या हाफकिन संस्थेने ज्या प्रतिविषाच्या निर्मितीत मोलाची कामगिरी बजावली ते या चारही सापांच्या विषावर चालते. पण रुग्ण वेळेत पोहोचला तरच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला आणि केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत सर्पदंशाने होणारे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. गावोगावचे स्काउट या कामी उपयोगी पडू शकतात, परंतु त्यांच्या हातातील पुस्तिका आजची असेल तर.

'वाचाल तर वाचाल' ही घोषणा ग्रंथालयांच्या भिंतीवर आपण नेहमी पाहतो. प्रथमोपचाराच्या बाबतीत तिचा श्लेष शब्दशः खरा ठरतो. फक्त वाचणारा एक आणि वाचविला जाणारा दुसरा असतो. म्हणून अशा पदकाच्या बाबतीत वाचन आधीच झाले पाहिजे, पूर्ण झाले पाहिजे आणि सर्वांत आधी पुस्तकाचे प्रकाशनवर्ष पाहिले पाहिजे. हृदय बंद पडलेल्या माणसावर करावयाच्या उपचारांचा क्रमही २०१० मध्ये बदलला आणि छातीवर दाब देणे पहिले झाले. पाण्यात बुडालेल्याला मात्र कृत्रिम श्वास आधी द्यावा लागतो. कालव्याकाठी राहणाऱ्या मुलांना हा फरक ठाऊक हवा, आणि तो जुन्या पुस्तकात मिळणार नाही. शाळेच्या कपाटात वीस-पंचवीस वर्षांच्या पुस्तिका जपून ठेवलेल्या असतात. इतिहास म्हणून त्या अवश्य जपाव्यात, पण प्रथमोपचाराची पाने मुलांच्या हाती देण्यापूर्वी ती जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नजरेखालून घालावीत. विजेच्या मोटारीला लागलेली आग आणि विहिरीतील बचावकार्य यांनाही हाच नियम लावावा.

वाचता न येणाऱ्याचे काय?

वाचन आधी, असे म्हटले की एक अडचण उभी राहते आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. पथकातील सर्व मुले सारखी वाचू शकत नाहीत. साखर कारखान्यांच्या परिसरातील शाळांत गळीत हंगामापुरती येणारी, दरसाल शाळा बदलणारी मुले असतात. पुस्तिका वाचल्याशिवाय कुदळीला हात लावू नये, असा नियम केला तर ज्या मुलाने पांढरी माती ओळखली तोच पहिल्यांदा बाहेर राहील. चळवळीचे आणि आबांचेही त्यात नुकसान आहे.

यावरचा उपाय चळवळीच्या मूळ रीतीतच आहे. शेकोटीजवळच्या गोष्टी एकाने वाचावयाच्या आणि सर्वांनी ऐकावयाच्या, ही ती रीत. संघनायकाने पुस्तिका मोठ्याने वाचावी. प्रत्येक वाक्यानंतर थांबून 'आपल्या गावात हे असेच आहे काय?' असे विचारावे. ज्याला वाचता येत नाही तो येथे गप्प बसत नाही, असा आमचा त्या सायंकाळचा अनुभव आहे. शिक्षकांनी दोन्ही संघांना एकत्र बसविले आणि माती-परीक्षणाची तीच दोन पाने पुन्हा वाचावयास सांगितली. 'खताच्या रिकाम्या गोणीवर माती पसरू नये' हे वाक्य येताच हशा पिकला. 'विहिरीजवळची, झाडाखालची, बांधालगतची माती घेऊ नये' येथे पहिल्या संघाने माना खाली घातल्या. 'वेगळ्या तुकड्याचा नमुना वेगळा' हे वाक्य आले तेव्हा दुसऱ्या संघाचा नायक वाचता वाचता थांबला आणि त्याने त्या मुलाकडे पाहिले.

पुढचे पान जमिनीच्या बिघाडाविषयी होते. पाणी साचून क्षार वर आलेल्या जमिनी हा दख्खनच्या कालव्यांवरील जुना प्रश्न आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तो शासनापुढे उभा राहिला होता. अशा जमिनी दोन प्रकारच्या असतात. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार जास्त, विद्युतवाहकता चारच्या वर, पण सामू साडेआठच्या आत असतो. चोपण जमिनीत मातीला चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण शेकडा पंधराच्या पुढे जाते, सामू साडेआठच्या वर जातो आणि माती इतकी घट्ट बसते की पाणी मुरत नाही. जिप्सम हा चोपण जमिनीवरचा इलाज आहे. खारवट जमिनीला चर काढून निचरा करणे, गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणे, ताग किंवा धैंचा गाडणे हे उपाय लागू पडतात. तिला जिप्समची जरुरी नसते. दुसऱ्या संघाने दोन्ही प्रकार एकाच दमात वाचले होते आणि शेवटचा उपाय तेवढा लक्षात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व मुले मिळून पुन्हा शेतात गेली. वरच्या जमिनीचा एक आणि खालच्या पांढऱ्या तुकड्याचा एक असे दोन नमुने त्यांनी कापडी पिशव्यांतून काढले, सावलीत वाळविले आणि दोहोंवर चिठ्ठ्या लावल्या. नमुन्याची जागा दाखविण्याचे काम त्या मुलाकडे होते, चिठ्ठी लिहिण्याचे संघनायकाकडे. आबांना गोण्या आणू नका असे सांगण्यासाठी दुसरा संघ सगळा मिळून गेला. कोणी एकट्याने जायला तयार नव्हता, हे त्या वयाला धरूनच आहे. आबा म्हणाले, "बरं झालं पोरांनो, माझे चार पैसे वाचले. पण परत सांगायला आलात, हे बरं केलंत."

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ पासून देशभर राबविली जात असल्याने शेतकऱ्यांना माती-परीक्षण नवीन राहिलेले नाही. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठही या भागाला जवळचे आहे. यथावकाश अहवाल आला. खालच्या तुकड्याची विद्युतवाहकता मर्यादेबाहेर होती आणि सामू साडेआठच्या आत. म्हणजे जमीन खारवट होती. वरच्या जमिनीत तसा दोष नव्हता. अहवालाची प्रत शिक्षकांनी आमच्याकडे पाठविली. तिच्यासोबत मुलांच्या नोंदवहीतील एका पानाची नक्कलही होती. दोन संघांनी मिळून लिहिलेल्या त्या पानावर पहिल्या दिवशीच्या दोन्ही नमुन्यांची हकीकत, खताचा ढीग आणि युरियाची गोणी धरून, काहीही न लपविता दिली होती. चर कोणत्या दिशेने काढावा हा प्रश्न मात्र त्यांना सुटलेला नव्हता. पुस्तिकेत उताराच्या दिशेने असे म्हटले आहे आणि त्या शेताचा उतार कालव्याच्या चारीने मध्येच अडविला आहे. पानाच्या तळाशी वेगळ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांत एक ओळ होती. पावसाळ्यात पाणी कुठून कुठे जाते ते आधी बघायचे, मग सरांना विचारायचे.